हौदातले बेडूक थंडीत जातात कुठे?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या मासिक कार्यक्रमात, संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो ते बहुतांशी तसंच ठेवलं आहे.)



रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याला एका सभासदानं आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचं असं ठरलं, तेव्हा माझ्याकडून मुदत ठेवी, वारसाचं नामांकन, ज्येष्ठ नागरिकांचे व्याजदर असलं काहीतरी ऐकावं लागणार, अशी मनाची तयारी करूनच बरेच जण आले असतील. जन्म बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार! पण मी मुळात प्राणिशास्त्राचा पदवीधर. बी.एस्सी. झालो, बँकेची परीक्षा दिली, नोकरी लागली आणि बेडूक मागे राहिले. निवृत्तीनंतर ते परत भेटले, आपल्याच मागच्या हौदात. त्यांच्याविषयी आज बोलणार आहे. थंडीत हे बेडूक आणि त्यांची पिल्लं जगतात कशी, हा विषय.

विषय हौसेचा आहे तसा कामाचाही आहे. पुढच्या महिन्यात होणाऱ्या विशेष सर्वसाधारण सभेपुढे हौदाबद्दल दोन सूचना आहेत. हौद बुजवून तिथे दुचाकींसाठी जागा करावी, ही एक. दुसरी माझी आहे. हौद दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उपसून धुतला जातो, ते काम फेब्रुवारीच्या अखेरीला करावं आणि वेगळ्या पद्धतीनं करावं. कार्यकारिणीनं यंदाचा उपसा सभा होईपर्यंत थांबवला, त्याबद्दल त्यांचे आभार. पण नुसतं ‘थांबा’ म्हणून भागत नाही, कारणही द्यावं लागतं.

नव्यानं राहायला आलेल्यांसाठी हौदाबद्दल थोडंसं. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. इथल्या वाड्यांना विहीर, नाहीतर हौद असायचाच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून तिथून नळानं शहरात पाणी आणलं आणि पेठापेठांतले हौद भरू लागले. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण आजही रिक्षावाल्याला सांगतो. हौद त्यानंही पाहिलेला नसतो आणि आपणही. आपला हौद त्या मोठ्या नळावरचा नव्हे, इथे पूर्वी उभ्या असलेल्या वाड्याच्या विहिरीवरचा. इमारत बांधताना विहीर बुजली, हौद वाचला. दोन पलंग शेजारी-शेजारी ठेवावेत एवढा, खोली साडेचार फूट, बांधकाम काळ्या दगडाचं. आता त्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी उतरतं. कमळं आहेत, शेवाळ आहे, वर औदुंबर आहे, म्हणजे पाचोळा आलाच. आणि बेडूक आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात हौद उपसला त्या सकाळी मी खालीच उभा होतो. सात वाजता पंप लागला. पाणी गेलं, तळाशी वीतभर गाळ उरला आणि कामगार घमेल्यानं गाळ काढू लागले. त्या गाळात बेडूक होते. मुलांनी मोजले, चौदा निघाले. एरवी ज्याच्या दिशेनं नुसतं पाऊल टाकलं तरी जो पाण्यावर सपासप उड्या मारत पलीकडे जातो, तोच बेडूक मुठीत धरला तरी सुटायची धडपड करेना. मुलांना वाटलं मेले. एका मुलीनं विचारलं, “आजोबा, पुरायचं का यांना?” म्हटलं, थांब, टबात घाल आणि उन्हात ठेव. दहा वाजेपर्यंत त्यांचे घसे हलायला लागले, म्हणजे श्वास चालू झाला. अकराच्या सुमाराला टबातून एकेक बाहेर पडायला लागला. पण जाणार कुठे? हौद कोरडा, घासलेला, वर ब्लीचिंग पावडर मारलेली. काही बेडूक स्कूटरखाली शिरले, काही कावळ्यांनी उचलले. गाळातून घमेल्याबरोबर जी पिल्लं गेली, ती कुणी मोजलीच नाहीत.

हे सगळं कुणी दुष्टपणानं केलं असं मी म्हणत नाही. नव्या वर्षाआधी स्वच्छता व्हावी ही चांगलीच इच्छा आहे. फक्त बेडकाच्या पंचांगात तो मुहूर्त सगळ्यात वाईट. का, ते आता सांगतो.

आपलं शरीर उन्हाळा असो की हिवाळा, साधारण ३७ अंशांवर असतं. ते तसं ठेवण्यासाठी आपण सतत खातो, थंडीत तर जास्तच, नुकत्याच संपलेल्या तिळगुळावरून हे सिद्ध झालंच आहे. बेडकाकडे ही शेगडी नाही. पाणी जेवढं गार, तेवढा तो गार. साधारण हिशेब असा की शरीराचं तापमान १० अंशांनी उतरलं की शरीराचा खर्च निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. हृदय सावकाश चालतं, पचन मंदावतं, पुढे थांबतंच. थंडीत बेडूक खात नाही ते यामुळेच. खाल्लेलं पचणारच नाही, उलट पोटात कुजेल. मग जगतो कशावर? आमच्या वेळी कॉलेजात बेडकाचं विच्छेदन करावं लागे. (पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं असली विच्छेदनं बंद करायला लावली, ते उत्तम झालं.) पोट उघडलं की मूत्रपिंडांच्या वरच्या अंगाला बोटांच्या आकाराच्या पिवळ्याधमक झालरी दिसायच्या. त्या चरबीच्या पिशव्या. पावसाळ्यात किडे खाऊन खाऊन केलेली ही बचत. बँकेचा शब्द शेवटी तोंडात आलाच! पण इथे तो अगदी चपखल बसतो. थंडीत बेडकाला आवक नसते. खर्च अगदी कमी ठेवून तो शिलकीवर दिवस काढतो. अशा वेळी त्याला उपसून, उन्हात तापवून पळायला लावलं, की ती शिलक भलत्याच कामी खर्च होते आणि भरून काढायला किडे तर नसतात.

आता प्रश्न येतो की पुण्यात अशी थंडी असते कुठे? आपण स्वेटर काढतो न काढतो तोच ती संपते. पुण्याच्या वेधशाळेच्या नोंदींतला नीचांक आहे १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंश. ती अपवादाची गोष्ट. एरवी पारा आठ-दहापर्यंत उतरला की वर्तमानपत्रात शेकोटीचा फोटो येतो. पण पाण्याचं वागणं हवेपेक्षा वेगळं. ते सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. मागच्या आठवड्यात पहाटे सहाला मी थर्मामीटर घेऊन खाली गेलो होतो. रखवालदाराला वाटलं हौदाला ताप आलाय. हवा ९ अंश होती आणि हौदाच्या तळाचं पाणी १७. म्हणजे बाहेर कुडकुडायला होत असताना तळाशी बेडकाला बऱ्यापैकी ऊब होती. पाणी साडेचार फूट आहे म्हणून हे साधतं. हेच पाणी घमेल्यात असतं तर पहाटेपर्यंत हवेइतकंच गार झालं असतं. त्या दिवशी पंपानं पाणी गेलं आणि ओल्या गाळातले बेडूक सकाळच्या गार हवेत उघडे पडले. ते मेल्यासारखे का झाले, याचं उत्तर एवढंच आहे.

दुसरा प्रश्न मुलांचा असतो. तळाशी बसून राहतो तर बुडत कसा नाही? बेडूक तीन प्रकारे श्वास घेतो. फुप्फुसांनी, तोंडाच्या आतल्या ओल्या अस्तरानं आणि कातडीनं. कातडीखाली रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यातून सरळ रक्तात जातो. उन्हाळ्यात एवढ्यानं भागत नाही, सारखं वर यावं लागतं. थंडीत खर्चच कमी, त्यामुळे कातडीच्या श्वासावर बराच काळ निभतं. त्यात निसर्गाची आणखी एक सवलत आहे. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ३० अंशांच्या एका लिटर पाण्यात तो साधारण साडेसात मिलिग्रॅम असतो, १० अंशांच्या पाण्यात ११ च्या वर, आणि गोठायच्या बेतातल्या पाण्यात साडेचौदाच्या आसपास. गरज कमी असते तेव्हाच पुरवठा जास्त! महानगरपालिकेला हे अजून जमलेलं नाही.

आणि एक. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं ओढून घेतो. म्हणजे आपण हौदात जे जे टाकतो ते थेट त्याच्या अंगात जातं. ब्लीचिंग पावडर झाली. शेवाळ मारायला काही जण मोरचूद टाकतात, तीही पिल्लांना विषच. आपण पलीकडे तांबट आळी असलेली माणसं, तांब्याचं पाणी आरोग्याला चांगलं म्हणून पितो, पण पाण्यातल्या बेडकाच्या पिल्लाला ते सोसत नाही. गणपतीनंतर प्लास्टरची मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मिळते. पद्धत चांगली आहे, आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं शोधलेली. पण ती बादलीत करायची. ते पाणी हौदात ओतू नका, एवढी विनंती.

आता जरा दूर जाऊ. आपल्याच इमारतीत वाढलेली एक लेक इंग्लंडात असते. तिच्या घरामागे बागेत लहानसं तळं आहे. मागच्या हिवाळ्यात तिनं फोनवर मला ते दाखवलं. वर काचेसारखा बर्फ, आणि शेजारी तिचा मुलगा हातात खेळण्यातला हातोडा घेऊन उभा. आत बेडूक आहेत, गुदमरतील, म्हणून बर्फ फोडायचा हट्ट चालला होता. तिला म्हटलं, आधी हातोडा काढून घे.

तिकडचा साधा बेडूक आपल्यासारखाच तळाशी जाऊन बसतो. म्हणजे सगळेच नाहीत. कितीतरी जण जमिनीवरच, लाकडांच्या ढिगाखाली किंवा पाचोळ्यात हिवाळा काढतात. पाण्यात राहतात ते बरेचसे नर, वसंत ऋतूत माद्या आल्या की पहिला नंबर लागावा म्हणून. तळं वरून गोठलं तरी तळाशी गोठत नाही. पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना. ते खाली बसतं, त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं आणि बर्फ वरच धरतो. ४ अंशांच्या त्या पाण्यात बेडूक गाळाच्या वर बसून राहतो. गाळात खोल शिरत नाही, कारण तिथे प्राणवायू नसतो. हे आपण चित्रात नेहमी चुकीचं काढतो. त्याला खरा धोका बर्फाचा नाही, पाचोळ्याचा. तळाशी पानं कुजत असली की ती प्राणवायू खातात, आणि बर्फावर हिम साचून उजेड अडला की पाणवनस्पती तो तयार करू शकत नाहीत. मग लांबलेल्या हिवाळ्यानंतर बर्फ वितळतो तेव्हा फुगलेले मेलेले बेडूक वर येतात. म्हणून तिथले जाणकार सांगतात, शरद ऋतूतच पानं काढून घ्या, बर्फावरचं हिम झाडून टाका, आणि भोक पाडायचंच असेल तर गरम पाण्याचं भांडं वर ठेवून हळूच पाडा. हातोड्यानं ठोकू नका. त्या पोराला हिम झाडायचं काम दिलं, तो खूश झाला.

अमेरिकेच्या उत्तरेला, अलास्कापर्यंत, एक जंगली बेडूक आहे, त्याची तर कमालच. तो पाण्यात जात नाही, जमिनीवर पाचोळ्याखाली बसतो आणि चक्क गोठतो. अंगातलं साठ-पासष्ट टक्के पाणी बर्फ होतं. हृदय बंद, श्वास बंद. बर्फ कातडीला लागला की त्याचं यकृत रक्तात साखर सोडायला लागतं, एवढी की तुमच्या-माझ्या रिपोर्टात तो आकडा आला तर डॉक्टर रुग्णवाहिका घेऊनच येतील. ही साखर पेशींच्या आत बर्फ होऊ देत नाही. वसंतात वितळला की हृदय पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळात स्वारी उड्या मारत निघते. हे ऐकल्यावर आपल्या बेडकाची थंडी म्हणजे अगदीच पेठेतली वाटेल. पण जो ज्या हवेत घडला त्याला तीच हवा सोसते. त्या बेडकाला पुण्याचा एप्रिल दाखवला तर तो चार दिवस टिकणार नाही.

कारण आपल्याकडे बेडकाची खरी परीक्षा हिवाळ्यात नसून उन्हाळ्यात असते. नोव्हेंबरात जमीन सुकायला लागली की बरेच बेडूक दिसेनासे होतात, ते थेट जूनला भेटतात. थंडी आणि उन्हाळा ते एकाच बिळात, एकाच झोपेत काढतात म्हणा ना. खरबरीत अंगाचा भेक कुंडीखाली, दगडाखाली, ड्रेनेजच्या चेंबरच्या कडेला मातीत बसतो. मागच्या पायांना फावड्यासारखे कंगोरे असलेला एक बुटका बेडूक आहे, तो उलटा, पाठीमागून जमिनीत शिरतो. त्याच्या एका जातीला ‘पश्चिमा’ असं नाव २०१७ साली पुण्यातल्या संशोधकांनीच दिलं. जुन्या वाड्यांच्या न्हाणीघरात भिंतीला चिकटून बसणारा, बोटांना चकत्या असलेला झाडबेडूक जुन्या मंडळींना आठवत असेल. तोही ओलावा शोधत घरात यायचा आणि त्याच्या किंकाळीपेक्षा घरातल्यांचीच मोठी असायची. आपल्याकडच्या या कोरड्या झोपेची नोंद फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वं सूक्त आहे, मंडूकसूक्त. वर्षभर पडून राहिलेला बेडूक सुकलेल्या चामड्याच्या पखालीसारखा दिसतो आणि पहिल्या पावसानं बोलायला लागतो, अशा अर्थाचं वर्णन त्यात आहे. ज्यानं कुणी रचलं, त्यानं वाकून नीट पाहिलं होतं.

आणि जो मोठा, पिवळाजर्द होऊन पावसात डरावणारा बेडूक, तो आमच्या लहानपणी कुंभारवेशीकडे नदीच्या काठाला पहिल्या पावसात ऐकू यायचा. त्याच्या तंगड्या परदेशी पाठवायचा मोठा व्यापार आपल्या देशात होता. १९८७ साली केंद्र सरकारनं ती निर्यात बंद केली.

आपल्या हौदात मात्र बारमाही पाणी आहे, म्हणून तिथे राहतो तो पाणबेडूक. तपकिरी, डोळे पाण्यावर काढून तरंगणारा, चाहूल लागली की पाण्याच्या पृष्ठावरून टप्पे खात पळणारा. हा झोपायला जमिनीत जात नाही. थंडीत खाली बसतो, ऊन चढलं की तासभर कमळाच्या पानावर येतो, पुन्हा खाली. पुरती झोप नाही, डुलकी म्हणा. आणि याची एक खोड आहे, इथेच माझ्या सूचनेचा गाभा आहे. बाकीचे बेडूक पावसाळ्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं दीड-दोन महिन्यांत बेडूक होऊन बाहेर पडतात. डबकं आटायच्या आत उरकावंच लागतं. पण बारमाही पाण्यात हा पाणबेडूक वर्षभर थोडी थोडी अंडी घालत राहतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतही आपल्या हौदात पिल्लं असतात. शेपटीवाली, काळपट, मुलं ज्यांना बेडूकमासे म्हणतात ती. शास्त्राच्या पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात, पण मी आपला पिल्लंच म्हणतो.

या पिल्लांची थंडी मोठ्यांपेक्षा अवघड. पिल्लू बेडूक होताना काय काय बदलतं बघा. कल्ले जातात, फुप्फुसं कामाला लागतात. शेवाळ खाणारं लांबलचक गुंडाळलेलं आतडं आखूड होतं, कारण पुढे किडे खायचे असतात. तोंड नवं, पाय नवे, शेपूट आत जिरते. या दिवसांत ते खाऊच शकत नाही, शेपटीवरच जगतं म्हणा. हे सगळं घडवून आणतं थायरॉइडचं संप्रेरक. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञानं १९१२ साली पिल्लांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तर ती वेळेच्या कितीतरी आधी, माशीएवढाले बेडूक होऊन बसली. आपल्यापैकी ज्या भगिनी सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात त्यांनी घाबरू नये. सांगायचं एवढंच की पाणी गार झालं की हे संप्रेरक आणि त्याचं काम दोन्ही मंदावतं, आणि पिल्लू बदल पुढे ढकलतं. ते शहाणपणाचंच आहे. गारठ्यात, किडे नसताना, इवलासा बेडूक होऊन बाहेर पडण्यापेक्षा पिल्लू राहून तळाचं शेवाळ खरवडत बसणं परवडतं. इंग्लंडातल्या तळ्यांतही काही पिल्लं अशी मागे राहतात आणि बर्फाखाली पिल्लू म्हणूनच हिवाळा काढतात. अमेरिकेतल्या मोठ्या बैलबेडकाची पिल्लं तर एक-दोन हिवाळे तशीच घालवतात. आपल्या हौदातली पिल्लं दोन-अडीच महिने थांबतात. फेब्रुवारीत पाणी तापायला लागलं की भराभर पाय फुटतात. मी गेली चार वर्षं वहीत लिहून ठेवतोय. महाशिवरात्रीच्या आगेमागे शेपूट असलेले छोटे बेडूक कमळाच्या पानांवर दिसायला लागतात.

ही पिल्लं नुसती पोहणारी ठिपकी आहेत असंही समजू नका. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्राध्यापक सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भेकाच्या पिल्लांवर प्रयोग केले. अनोळखी पिल्लं आणि सख्खी भावंडं समोर ठेवली तर पिल्लं भावंडांच्या बाजूला जातात. सख्ख्या भावांचे सदनिकेवरून चाललेले दावे मी पाहिलेत, म्हणून मला हे विशेष वाटलं.

आता डासांचा मुद्दा. हौद बुजवायच्या सूचनेमागे डेंग्यूची भीती आहे आणि ती खोटी नाही. मागच्या पावसाळ्यात आपल्याकडे आजारी पडलेली माणसं इथे बसली आहेत. बेडूक डास खातात म्हणून बेडूक ठेवा, असा प्रचार मी करणार नाही. बेडूक खातो ते मुंग्या, भुंगेरे, माश्या, जे समोरून सरपटेल ते. उडणारा डास त्यात फार थोडा. पाणबेडकाची पिल्लं मुख्यतः शेवाळ खातात. हौदातल्या डासांच्या अळ्या खातात त्या चतुरांच्या अळ्या, पाणकिडे आणि महापालिकेनं सोडलेले गप्पी मासे. (गप्पी बेडकाची अंडीही खातात, म्हणून कमळांचा दाट कोपरा राखावा लागतो.) पण डिसेंबरात हौद उपसला की हे सगळे खाणारे जातात. पुन्हा पाणी भरलं की सगळ्यात आधी येतो तो डास. अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. चतुराच्या अळ्या मोठ्या व्हायला महिने लागतात. म्हणजे धुऊन पुसून आपण डासालाच मोकळी खोली देतो. आणि डेंग्यूचा डास मुख्यतः वाढतो आपल्या घरात. कुंडीखालच्या बशीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, गच्चीतल्या जुन्या टायरमध्ये, झाकण नसलेल्या पिंपात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहूनही टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, कड घासावी लागते. आठवड्यातून एक वार ठरवून सगळ्यांनी बशा घासल्या तर हौद बुजवण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. बुजवायचाच असेल तर दुचाकींसाठी बुजवा, पण डासांच्या नावानं नको. आणि दुचाकींबद्दल सांगायचं तर मी टेप घेऊन मोजलंय, तिथे जेमतेम चार बसतात.

साफसफाई हवीच, ती नको असं मी म्हणत नाही. पाचोळा कुजतो, निर्माल्य कुजतं, आणि मे महिन्यात पाणी तापलेलं असताना त्यानंच प्राणवायू संपतो. माझं म्हणणं असं की काम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी करावं, तेही ऊन चढल्यावर, अकरानंतर. तेव्हा बेडूक जागे असतात, आपल्या पायांनी बाजूला होतात. पाणी निम्मंच काढायचं. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधायचं. गाळ घमेल्यानं काढून सरळ कचऱ्याच्या गाडीत न टाकता एक रात्र हौदाच्या कडेला गोणपाटावर ठेवायचा, म्हणजे त्यातलं जे चालू शकतं ते परत पाण्यात जातं. गाळात उरलेली पिल्लं मुलं चाळणीनं वेचतील, मी त्यांच्याबरोबर बसेन. कमळं निम्मीच छाटायची. ब्लीचिंग पावडर अजिबात नको. नव्यानं भरायचं ते नळाचं पाणी दोन दिवस उघड्या पिंपात ठेवून मग ओतायचं, क्लोरीन उडून जातं. आणि एका कोपऱ्यात चार विटांची उतरंड करायची. दगडी भिंत सरळ उभी आहे, नुकता पाय फुटलेला बेडूक तिच्यावर चढू शकत नाही, दमून बुडतो. विटा माझ्याकडे गॅलरीत पडून आहेत. खर्च शून्य, खजिनदारांनी नोंद घ्यावी.

सूचना लेखी स्वरूपात सचिवांकडे दिली आहे. विरोध असेल त्यांनी सभेत जरूर बोलावं, मी ऐकून घेईन. फक्त त्याआधी एकदा हौद पाहून घ्या. पुढच्या रविवारी रात्री साडेआठला मी खाली असेन. टॉर्च डोळ्यांच्या पातळीला धरून पाण्यावर मारला की बेडकांचे डोळे चमकतात, मोजता येतात. गेल्या आठवड्यात मला सहा मिळाले. तळाशी पिल्लं दिसायला जरा थांबावं लागतं, पाणी स्थिर झालं की दिसतात. मुलांना स्वेटर, कानटोपी घालून पाठवा. हौदाच्या कडेला शेवाळ आहे, घसरायला होतं, तेव्हा लहानांबरोबर घरातलं कुणीतरी मोठं हवं.